बाभूळ, चिंच, साग कापायला चेनसॉ घेताय? स्टिकरवरच्या आकड्याला भुलू नका

वळवाचा वारा येऊन गेला की बांधावरची एखादी बाभूळ आडवी पडलेली असतेच. पूर्वी अशा झाडाला कुऱ्हाडीनं दोन-दोन दिवस लागायचे, बुंध्याला तर दोघांनी ओढायची करवत लागायची. आता गावोगाव चेनसॉ आल्या. कुणी कटर म्हणतं, कुणी नुसतं मशीन. पण घेतलेल्या मशीनपैकी बऱ्याच दुसऱ्या हंगामातच गोठ्याच्या कोपऱ्यात पडतात. इंजिन जाम झालेलं, नाहीतर चेन घासून गेलेली. दोष दर वेळी मशीनचा नसतो. सुबाभळीच्या फांद्या कापायची मशीन वाळलेल्या चिंचेच्या बुंध्याला लावली, असं पुष्कळदा झालेलं असतं.

म्हणून दुकानात जाण्याआधी आपण कापणार काय, ते ठरवावं. बाभूळ, खैर, अंजन, धावडा आणि चिंचेचा गाभा ही आपल्याकडची खरी कठीण लाकडं. अंजनाचं लाकूड तर पाण्यात टाकलं की बुडतं. साग त्या मानानं मऊ, पण सागात सिलिका असते, म्हणजे वाळूचाच अंश. त्यामुळं चेनचे दात लवकर बोथट होतात. आंबा, कडुनिंब मधले. आणि कुठलंही लाकूड असो, ओलं असताना ते मशीनला सोपं जातं. बाभूळ पडल्या पडल्या तुकडे केले तर निम्मी मेहनत वाचते. वर्षभर उन्हात वाळलेल्या बुंध्याला तीच मशीन घाम फोडते.

सीसी आणि बारचं गणित

जाहिरातीत दोन गोष्टी मोठ्या अक्षरात असतात: 58 सीसी आणि 22 इंची बार. सहा-सात हजारांपासून अशा मशीन मोबाईलवर दिसतात. गिऱ्हाईक लांब बार बघून खूश होतं, आणि चूक तिथंच होते. बार जितका लांब, तितके जास्त दात एका वेळी लाकडात रुततात आणि तितकी जास्त ताकद इंजिनला लागते. ताकद नसली की चेन मंदावते, माणूस वरून दाबतो, क्लच घसरतो, इंजिन तापतं.

सीसीचा आकडा स्वतः पडताळता येतो. मशीनच्या पुस्तिकेत बोर आणि स्ट्रोक मिलिमीटरमध्ये दिलेले असतात. बोर गुणिले बोर गुणिले स्ट्रोक करा, त्याला 0.785 ने गुणा आणि 1000 ने भागा. 45.2 मिलिमीटर बोर आणि 34 मिलिमीटर स्ट्रोक असला तर उत्तर साडेचौपन्न सीसीच्या आसपास येतं. मग स्टिकरवर 58 का, हे दुकानदाराला विचारावं. पुस्तिकाच नसेल तर ती मशीन घेऊ नये.

सीसीपेक्षाही किलोवॉटचा आकडा जास्त खरं सांगतो. एक किलोवॉट म्हणजे साधारण 1.34 एचपी. उदाहरणासाठी जर्मनीच्या स्टिल कंपनीच्या दोन मशीन घेऊ. एमएस 250 ही 45.4 सीसीची, ताकद 2.3 किलोवॉट. एमएस 382 ही 72.2 सीसीची, ताकद 3.9 किलोवॉट, म्हणजे सव्वापाच एचपी. पहिली शेतकऱ्याच्या घरची, दुसरी रोज लाकूड तोडणाऱ्याची. स्वीडनच्या हुस्कवर्नाची 365 ही दुसऱ्या वर्गातच बसते. या वर्गाच्या मशीनची किंमत चाळीस हजारांच्या पुढंच जाते, हेही आधी लक्षात घ्यावं.

ढोबळ हिशेब असा. घरचं सरपण, वर्षाला पाच-सात झाडं, एक फुटापर्यंतचा बुंधा असेल तर 45 ते 50 सीसी आणि 16 किंवा 18 इंची बार पुरे. बाभळीला 16 इंचीच बरा. ठेक्यानं झाडं घेत असाल, दीड-दोन फुटी बुंधे रोज कापायचे असतील तर 60 ते 75 सीसी आणि 18 ते 20 इंची बार. 25 इंची बार 70 सीसीच्या खालच्या मशीनला लावूच नये. बारपेक्षा जाड बुंधा आला तरी अडत नाही. एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं कापलं की बारच्या जवळजवळ दुप्पट जाडी निघते. 90 सीसीची मशीन ओंडक्याच्या उभ्या फळ्या पाडणाऱ्यासाठी. इतरांनी तिच्या नादी लागू नये, ती दिवसभर उचलायची असते.

वजनाचंही बघावं. एमएस 382 बार-चेन सोडून 6.2 किलोची आहे. बार, चेन, पेट्रोल, ऑइल धरलं तर आठ किलोच्या आसपास. दुकानात पाच मिनिटं उचलून बघणं वेगळं आणि उन्हात दुपारपर्यंत वाकून धरणं वेगळं. हँडल आणि इंजिन यांच्यामध्ये स्प्रिंग किंवा रबराचे बुश आहेत का तेही बघा. ते नसतील तर सगळे हादरे मनगटात जातात. वर्षानुवर्षं असं काम केलं तर बोटं बधिर होऊन पांढरी पडण्याचा त्रास लागतो.

चेन मशीनइतकीच महत्त्वाची

चेनच्या दातांचे मुख्य दोन प्रकार. एकाचा कोपरा चौकोनी, टोकदार. त्याला फुल चिझल म्हणतात. दुसऱ्याचा कोपरा गोलसर, तो सेमी चिझल. फुल चिझल स्वच्छ, ओल्या लाकडात झपाझप चालते, पण धूळ-माती लागली की लगेच बसते. आपल्याकडं बुंध्याच्या सालीत माती भरलेली, लाकूड कठीण आणि वाळलेलं, म्हणून सेमी चिझल घ्यावी. थोडी हळू कापते, पण धार टिकते. बांधावरच्या झाडात तर जुन्या कुंपणाची तार आणि खिळे सालीच्या आत गेलेले असतात. कापण्याआधी बुंध्याभोवती फिरून, कुऱ्हाडीच्या तुंब्यानं ठोकून बघण्याची सवय लावावी.

चेन मागताना नुसतं 'वीस इंची द्या' म्हणू नये. पिच, गेज आणि दुव्यांची संख्या, तिन्ही जुळावं लागतं. हे आकडे बहुतेक वेळा बारवरच कोरलेले असतात. त्याचा फोटो मोबाईलमध्ये ठेवावा. कानसही पिचप्रमाणं लागते: .325 पिचला 4.8 मिलिमीटरची गोल कानस, 3/8 पिचला 5.2 किंवा 5.5 मिलिमीटरची, आणि लहान मशीनच्या 3/8 लो प्रोफाइल चेनला 4 मिलिमीटरची. घरी पडलेली कुठलीही कानस घेऊन घासलं तर दाताचा आकारच जातो.

धार गेली हे भुश्यावरून कळतं. चेन धारदार असेल तर लाकडाचे कीस पडतात, बोथट झाली की पिठासारखा भुसा पडतो. पीठ पडायला लागलं की थांबा. सराईत कामगार दर वेळी टाकी भरताना दोन-चार फेरे कानस मारून घेतात. त्याला दहा मिनिटं जातात, पण दाबून कापण्यात इंजिन जातं.

पेट्रोलमध्ये ऑइल, आणि जामचं कारण

चेनसॉचं इंजिन टू-स्ट्रोक. त्याला वेगळं इंजिन ऑइल नसतं, पेट्रोलमध्ये मिसळलेलं ऑइल हेच त्याचं वंगण. पुस्तिकेत 50:1 असेल तर एक लिटर पेट्रोलला 20 मिली, 25:1 असेल तर 40 मिली. बुचानं अंदाजे ओतायचं नाही, सिरिंज किंवा मापाचा कप ठेवायचा. ऑइलच्या डब्यावर जेएएसओ एफडी लिहिलेलं असावं. 'आज ऑइल संपलं, एवढी एक टाकी नुसत्या पेट्रोलवर चालवू' म्हणणाऱ्याचा पिस्टन त्याच टाकीत धरतो आणि दुरुस्तीला मशीनच्या निम्म्या किमतीचा खर्च येऊ शकतो.

सध्या पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि कार्बोरेटरच्या आतल्या रबरी पडद्याला त्रास देतं. तुमची मशीन त्या पेट्रोलवर चालते का, हे पुस्तिकेत बघा. मिश्रण लागेल तेवढंच करा, महिनाभर साठवू नका. हंगाम संपल्यावर टाकी रिकामी करून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा.

बार-चेनला लागणारं ऑइल वेगळं, त्याची टाकीही वेगळी. ट्रॅक्टरचं जळकं ऑइल त्यात ओतायची पद्धत सगळीकडं आहे. त्यात लोखंडाचा बारीक कीस असतो, तो पंप आणि बार दोन्ही खातो. शिवाय ते तेल कपड्यांवर, हातांवर उडत राहतं. ते काही कातडीला चांगलं नाही.

पाय आणि मान

चेन सेकंदाला वीस मीटरच्या आसपास वेगानं पळते. बारच्या नाकाचा वरचा भाग लाकडाला लागला की मशीन झटक्यात उलटून माणसाच्या तोंडाकडं येते. याला किकबॅक म्हणतात. माणूस सावध व्हायच्या आत ते घडून जातं. म्हणून पुढच्या हँडलसमोर चेन ब्रेक असलेलीच मशीन घ्या आणि रोज सकाळी तो लागतो का तपासा. डाव्या हाताचा अंगठा हँडलखालून घट्ट वळवलेला हवा. खांद्याच्या वर मशीन नेऊ नका, शिडीवर चढून एका हातानं तर नाहीच. चालू करताना मशीन जमिनीवर, उजव्या पायाचा पंजा मागच्या हँडलमध्ये. हवेत लोंबकळत दोरी ओढू नये.

हेल्मेट, डोळ्यांवर जाळी, कानाला मफ, पायात बूट आणि चेन अडवणारी पँट. हे सगळं घेतलं तर काही हजार वाढतात, म्हणून दुकानातच गाळलं जातं. बजेट पन्नास हजारांचं असेल तर मशीन पंचेचाळीसची बघा आणि उरलेल्यात हे घ्या. धोतर, उपरणं, गळ्यातला सैल गमछा मशीनजवळ नको. आवाज शंभर डेसिबलच्या वर असतो, त्यामुळं झाड पडताना ओरडलेलं ऐकू येत नाही. सोबतच्यानं हाताच्या खुणेनं बोलायचं आधी ठरवून घ्यावं.

झाड स्वतःच्या शेतातलं असलं तरी काही जातींना परवानगी लागते. महाराष्ट्रातल्या 1964 च्या झाडे तोडण्याबाबतच्या कायद्याच्या अनुसूचीत साग, खैर, चिंच, आंबा, मोह, जांभूळ, फणस, अंजन, ऐन, हिरडा, चंदन ही झाडं आहेत. ठेकेदार 'मी बघतो सगळं' म्हणाला तरी मालकानं कागद स्वतःच्या डोळ्यांनी बघावा. सातबारा मालकाच्या नावावर असतो.

दुकान आणि जुनी मशीन

नामांकित कंपन्यांच्या रंगाच्या हुबेहूब नकला बाजारात आहेत. अधिकृत विक्रेता, जीएसटीचं पक्कं बिल आणि बॉडीवर ठोकलेला नंबर बिलावर, एवढं बघितलंच पाहिजे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तालुक्याच्या ठिकाणी त्याच मशीनचा प्लग, स्टार्टरची दोरी, क्लच आणि कार्बोरेटरचं किट मिळतं का. घेण्याआधी नुसती चेन मागून बघा. ती 'मागवावी लागेल' म्हणाले तर पावसाळ्यात बाकीचं काय मिळणार?

जुनी व्यावसायिक मशीन कधी कधी नव्या हलक्या मशीनपेक्षा परवडते. बघायला जाताना मशीन थंड हवी, आधीच गरम करून ठेवलेली नको. दोरीचा मुठा धरून अख्खी मशीन वर उचला. ती हळूहळू थांबत-थांबत खाली आली तर कॉम्प्रेशन आहे, सरसर उतरली तर रिंग गेली. मग सायलेन्सरचे स्क्रू काढून टॉर्चनं पिस्टन बघा. त्यावर उभे ओरखडे दिसले तर ती कमी ऑइलवर चालवलेली मशीन आहे. विकणारा सायलेन्सर काढू देत नसेल तर व्यवहार तिथंच सोडावा.