मोरस साखर आणि आजोबांचे गुऱ्हाळ

आमच्या आजीच्या तोंडी 'साखर' हा शब्द क्वचितच यायचा. दिवाळीत शंकरपाळ्या करायला बसली की ती आईला विचारायची, "मोरस किती आणलीस गं?" लहानपणी मला वाटे, मोरस हे एखाद्या दुकानदाराचे नाव असावे. पुढे एम. ए. ला इतिहास वाचताना उलगडा झाला. मोरस म्हणजे मॉरिशस. एकोणिसाव्या शतकात त्या बेटावरची पांढरी साखर जहाजाने मुंबई बंदरात उतरू लागली आणि बेटाचे नावच साखरेला चिकटले. ज्या देशातल्या 'शर्करा' या शब्दापासून जगातल्या अनेक भाषांनी आपापला शब्द घेतला, त्या देशातल्या बायका साखरेला परक्या बेटाच्या नावाने हाका मारीत होत्या. इतिहास असा कधी कधी डब्यावरच्या नावात लपून बसतो.

हे सारे पुन्हा आठवण्याचे कारण एक विद्यार्थी. दहावीच्या वर्गात १९३२ च्या साखर संरक्षण कायद्याचा विषय निघाला. सरकारने साखरधंद्याला कसे संरक्षण दिले हे मी रंगून सांगत होतो. मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. "सर, सरकारनं एवढं संरक्षण दिलं, तर मग आमच्या उसाचं बिल का अडकतंय?" वर्ग हसला, पण मला हसू आले नाही. एका कारखान्याने त्याच्या वडिलांचे बिल चार महिने थकवले होते आणि परीक्षेची फी भरायची राहिली होती, हे मला ठाऊक होते. त्या दिवशी त्याला नीट उत्तर देता आले नाही. ते येथे देण्याचा प्रयत्न करतो.

आमचे आजोबा हिरण्यकेशीच्या काठी गुऱ्हाळ चालवीत. बैलांचा घाणा, चिपाडांवर धडधडणारे चुलवाण, त्यावर काहील आणि काहिलीशेजारी रात्र जागणारा गुळव्या. शेजारचे कानडी शेतकरी त्याच काहिलीत आपल्या 'कब्ब'चा 'बेल्ल' करून नेत. घाण्याला भाषा नव्हती. तयार गूळ गाडीतून कोल्हापूरच्या शाहुपुरीत जाई. शाहू महाराजांनी १८९५ साली वसवलेली ही पेठ आमच्या भागाची खरी राजधानी.

१९२९ च्या जागतिक मंदीने हे जग हादरले. शेतमालाचे भाव कोसळले, त्यात गूळही आला. "गाडीभाडंसुद्धा सुटेना, म्हणून पोरांनी गूळ खाऊन संपवला," असे आजोबा सांगत. तिकडे जावा बेटावर डच मळेवाल्यांनी संशोधनाच्या बळावर उसाचे भरघोस वाण काढले होते. त्यांची स्वस्त साखर वर्षाला सुमारे १० लक्ष टन या देशात येत होती. आपल्याकडे उसापासून थेट साखर करणारे आधुनिक कारखाने तेव्हा जेमतेम तीसच्या आसपास.

परदेशी साखरेविरुद्ध ओरड पूर्वीपासून होती. १९०५ च्या स्वदेशी चळवळीत महाराष्ट्रात या साखरेवर बहिष्कार पडला. ती हाडांच्या कोळशाने शुद्ध करतात, या बोलण्याने सनातनी घरांतही तिला मज्जाव झाला. परंतु बहिष्काराने चुलवाण पेटत नाही. धंदा उभा राहायला भांडवल लागते आणि उद्या माल विकला जाईल याची खात्री लागते. ती खात्री टॅरिफ बोर्डाच्या १९३१ च्या अहवालानंतर मिळाली. १९३२ च्या कायद्याने आयात साखरेवर हंड्रेडवेटला, म्हणजे सुमारे ५१ किलोला, ७ रुपये ४ आणे संरक्षक जकात बसली. शिवाय अधिभार होताच. संरक्षणाची मुदत १९४६ पर्यंत ठरली होती, पुढे ती १९५० पर्यंत लांबली.

परिणाम डोळे दिपवणारा झाला. चार-पाच वर्षांत कारखाने सव्वाशेच्या वर गेले आणि जावाची साखर जवळजवळ थांबली. बहुतेक कारखाने संयुक्त प्रांत आणि बिहारात निघाले, पण दख्खनही मागे राहिले नाही. नीरा, प्रवरा, गोदावरीचे कालवे दुष्काळनिवारणासाठी काढलेले. त्यांच्या पाण्याला उसाने गिऱ्हाईक दिले. रावळगाव आणि वालचंदनगर उभे राहिले. सासवडच्या माळी शेतकऱ्यांनी अकलूजजवळ माळीनगरला स्वतःचा कारखाना काढला. आपल्या बेळगाव जिल्ह्यात १९३९ साली उगारला कारखाना आला, तर निजामाच्या राज्यात बोधनला प्रचंड सरकारी कारखाना निघाला.

आता मुलाच्या प्रश्नाकडे येतो. टॅरिफ बोर्डाने जकातीचे समर्थन केले ते ऊस उत्पादकाचे नाव घेऊन. शेतकऱ्याच्या जादा उसाला वाट मिळावी, हा मोठा मुद्दा होता. पण जकात थेट मिळाली ती कारखानदाराला. साखरेचा भाव टिकला, उसाचा भाव मात्र कारखानदार ठरवील तो. शेतकऱ्यासाठी कायदा यायला १९३४ साल उजाडले. त्या वर्षी दोन गोष्टी झाल्या. प्रांतिक सरकारांना उसाचा किमान भाव ठरवण्याचा अधिकार मिळाला आणि देशी साखरेवर हंड्रेडवेटला १ रुपया ५ आणे अबकारी बसली. आयात थांबली तशी जकातीची मिळकत घटली, ती सरकारने अशी भरून काढली. म्हणजे संरक्षणाच्या पंगतीत आधी कारखानदार जेवला, मग सरकार आणि उरलेल्यात शेतकरी. या पंगतीचा खर्च मात्र चढ्या भावाने साखर घेणाऱ्या आमच्या आजीसारख्यांनी सोसला.

मग संरक्षण चुकीचे होते काय? मला तसे वाटत नाही. जकात ही भिंत आहे. भिंतीने वारा अडतो, पीक वाढत नाही. पीक वाढवले दुसऱ्याच लोकांनी. १९१२ साली कोईमतूरला ऊसपैदास केंद्र निघाले. तेथे बार्बर आणि वेंकटरामन यांनी जाड उसाचा रानटी उसाशी संकर करून 'को' मालिकेतले वाण दिले. १९३२ साली पाडेगावला संशोधन केंद्र सुरू झाले. को ४१९ आणि पुढे को ७४० ही नावे आमच्या वडिलांना देवांच्या नावांसारखी पाठ होती. जावाला जकातीने अडवले हे खरे, पण जावाची बरोबरी करायची हिंमत दिली ती या वाणांनी.

तिसरी गोष्ट मालकीची. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेच्या काठी शेतकऱ्यांचा सहकारी कारखाना उभा केला. १९५०-५१ मध्ये त्याचा पहिला गाळप हंगाम झाला. मुंबई सरकारने भागभांडवलात हात दिला. येथे प्रथमच सरकारी आधाराच्या पंगतीत शेतकरी पहिल्या पाटावर बसला. वारणा, पंचगंगा त्याच वाटेने गेले आणि हे लोण सीमाभागात आले. वडिलांनी आईची पाटली मोडून शेअर घेतला. आजोबांचा घाणा त्या वर्षी गोठ्यामागे पडला.

पुढे मालकही गाफील झाले, हे कबूल केले पाहिजे. सरकारचा हात पाठीशी असला की हिशेब सैल होतो, निवडणूक मोठी होते आणि गाळप लहान. गोव्यात धारबांदोड्याच्या संजीवनी कारखान्याचे गाळप २०१९-२० पासून बंद पडले. बोधनचा कारखानाही २०१५ मध्ये थांबला. संरक्षण मात्र संपले नाही. २०१८ मध्ये आयात साखरेवर १०० टक्के जकात बसली. त्याच वर्षी साखरेचा किमान विक्रीदर ठरला आणि २०१९ मध्ये तो किलोला ३१ रुपये झाला. ऑस्ट्रेलिया, ब्राझील आणि ग्वाटेमाला यांनी भारताच्या मदतीविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत दाद मागितली. २०२१ च्या डिसेंबरात निवाडा भारताविरुद्ध गेला, त्यावर भारताने अपील केले.

तेव्हा बाळ, तुझ्या प्रश्नाचे उत्तर असे. भिंत बांधणे सोपे, कारण ती बंदरावर बांधायची असते. भिंतीआडचा न्याय गावोगावच्या वजनकाट्यावर करावा लागतो. तो कायदाही आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पोचल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायचे आणि उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज. हा नियम मी पुढच्या तासाला फळ्यावर मराठीत लिहिला आणि घरी कानडी वाचणारे पालक पुष्कळ, म्हणून खाली कानडीतही. बहुतेक मुलांच्या घरी ऊस आहे. बहुतेकांनी हा नियम ऐकलेला नव्हता.

मुलाने तो वहीत उतरवून घेतला. त्याच्या वडिलांनी आणखी दहा-बारा शेतकऱ्यांच्या सह्या घेऊन अर्ज दिला. श्रावणात बिल आले. व्याज आले नाही. त्यासाठी दुसरा अर्ज गेला आहे.

यंदा दिवाळीच्या वाणसामानात साखर आणताना मला आजीची मोरस आठवली. ही साखर आता आपली आहे. तिच्यात कुणाकुणाचे पैसे अडकले आहेत, एवढे विचारण्याचा हक्क तरी आपण वापरावा.