पीसी आणि कन्सोल गेमिंग
संगणकावर खेळावे की टीव्हीला जोडायच्या खास यंत्रावर, ही व्हिडिओ गेममधली जुनी चुरस. कन्सोलचे हार्डवेअर ठरलेले. पीसीत ग्राफिक्स कार्ड, रॅम हवे तसे बदलता येते. एक्सबॉक्स ३६० भारतात २००६ मध्ये आला, पण महाराष्ट्रातल्या पोरांचा हात त्याआधीच सायबर कॅफेत ‘काउंटर-स्ट्राइक’वर बसला होता. शिरोली एमआयडीसीसारख्या फाउंड्रीच्या पट्ट्यात पीसीच्या बाजूने आणखी एक रोकडा मुद्दा आहे : कास्टिंगचे त्रिमितीय आराखडे ज्या ग्राफिक्स कार्डावर होतात, त्यावर गेमही चालतो (मालकाने पाहिले नाही तर). बनवणाऱ्यांना मात्र हे भांडण परवडत नाही. युबिसॉफ्टच्या पुणे-मुंबई स्टुडिओंचा २०२० मध्ये जाहीर झालेला ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’चा रीमेक पीसी, प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन अशा तिन्हींसाठी होता, २०२२ मध्ये ते काम माँट्रियलकडे गेले.