न खपलेल्या तबकडीची गोष्ट

एखादी तबकडी बाजारात चालली नाही की तिचे आयुष्य संपले, असे आपण धरून चालतो. संगीताचा इतिहास मात्र निराळे सांगतो. न्यूयॉर्कच्या 'व्हेल्व्हेट अंडरग्राउंड' या रॉक वाद्यवृंदाची पहिली तबकडी १९६७ मध्ये निघाली. सुरुवातीला तिला फारसे गिऱ्हाईक मिळाले नाही. पुढे मात्र कित्येक रॉक कलावंतांनी तिच्यापासून धडे घेतले. अशीच एक कहाणी आपल्या मुंबईत घडली.

चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटसृष्टीतले वादक. बेस गिटार आणि की-बोर्ड ही त्यांची वाद्ये. राहुलदेव बर्मन यांच्यासारख्या नामवंत संगीतकारांकडे त्यांनी वाजवले. त्या काळी गाणे घरोघरी पोहोचे, पण वादकाचे नाव वेष्टनावर क्वचितच छापले जाई.

१९८२ मध्ये ग्रामोफोन कंपनीने त्यांच्या स्वतःच्या नावाने तबकडी काढली, 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट'. भैरव, ललित, तोडी, यमन, मालकंस असे दहा राग, आणि वाजवायला जपानच्या रोलंड कंपनीची यंत्रे. 'ज्युपिटर-८' हा सिंथेसायझर, तालासाठी 'टीआर-८०८' आणि बेसच्या सुरावटी वाजवणारे 'टीबी-३०३' हे छोटेखानी यंत्र. रागात षड्ज अढळ असतो आणि सुरावट त्याच्याभोवती फिरते. यंत्रही एकच सुरावट न थकता घोळवत राहते. म्हणून ही जोडी जमली. पण शास्त्रीय संगीताच्या रसिकाला ती डिस्को वाटली असावी आणि डिस्कोवर नाचणाऱ्याला त्यात गाणे सापडले नसावे. तबकडी पडली ती पडलीच.

'टीबी-३०३'ही बाजारात चालले नाही. १९८४ मध्ये त्याचे उत्पादन थांबले आणि ती यंत्रे जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागली. शिकागोच्या 'फ्यूचर' या त्रिकुटाने त्यावर 'ॲसिड ट्रॅक्स' रचले. ते १९८७ मध्ये आले आणि 'ॲसिड हाउस' हा नृत्यसंगीताचा प्रकार जगभर गाजला.

२००२ मध्ये एडो बाउमन या डच संग्राहकाला दिल्लीत चरणजित सिंगांची तबकडी हाती लागली. ऐकून ते चकित झाले. त्यांनी मुंबईत सिंगांना गाठले आणि २०१० मध्ये तबकडी पुन्हा प्रसिद्ध केली. एवढे जुने संगीत इतके नवे कसे, म्हणून काहींना ती बनावटच वाटली! कोणी सिंगांना ॲसिड हाउसचे जनकही म्हटले. तेवढे मात्र खरे नव्हे. शिकागोच्या कलावंतांनी ती तबकडी ऐकल्याचा पुरावा नाही. तिचा खरा प्रभाव पुनर्जन्मानंतरचा. नव्या पिढीचे वादक ती अभ्यासू लागले आणि सत्तरी ओलांडलेल्या सिंगांना युरोपातून कार्यक्रमांची बोलावणी आली. जुलै २०१५ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले. आपल्या कामाची कदर झालेली त्यांना पाहता आली, हे भाग्य अनेक वादकांच्या वाट्याला येत नाही.

हिंगोली जिल्ह्यातले नर्सी ही संत नामदेवांची जन्मभूमी मानली जाते. त्यांची ६१ पदे पंजाबात, गुरू ग्रंथ साहिबात जपली गेली. कोणीतरी जपले, म्हणून ती आज आपल्याला ऐकता येतात. आपल्याही घरच्या ट्रंकेत भजनाच्या, भारुडाच्या, पोवाड्याच्या जुन्या तबकड्या नि कॅसेट असतील. भंगारवाल्याला देण्यापूर्वी त्या एकदा ऐका, आणि वाजवणाऱ्यांची नावे आठवत असतील तर त्यावर लिहून ठेवा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)