बास गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर व स्पीकर कॅबिनेट : योग्य जोडणी आणि घ्यावयाची काळजी

धर्मग्रामाचा सण असो, लग्नसमारंभ असो वा नाताळचा संगीत कार्यक्रम, बास गिटार वाजू लागली की तिचा खर्ज कानाआधी छातीलाच जाणवतो. गायनाला भक्कम पाया देणारा हा खर्ज ज्या स्पीकरमधून येतो, तो मात्र चुकीच्या जोडणीमुळे एका संध्याकाळीच निकामी होऊ शकतो. गायनवृंदाचे साहित्य पुष्कळदा वर्गणीतून किंवा एखाद्या दात्याच्या देणगीतून आलेले असते. त्यामुळे जळालेला स्पीकर ही केवळ वादकाची अडचण राहत नाही. ते सर्वांचेच नुकसान ठरते. हे नुकसान टाळणे फारसे कठीण नाही. त्यासाठी आवश्यक असलेली माहिती आम्ही प्रस्तुत लेखात देत आहोत.

थोडी पार्श्वभूमी

अमेरिकेतील लिओ फेंडर यांनी १९५१ साली ‘प्रिसिजन बास’ ही विद्युत बास गिटार बाजारात आणली आणि पाठोपाठ १९५२ साली तिच्यासाठी ‘बासमन’ हा अ‍ॅम्प्लिफायर सादर केला. कार्यक्रमांची मैदाने मोठी होत गेली तशी अधिक शक्तीची गरज भासू लागली. १९६९ साली ‘अँपेग’ कंपनीचा ‘एसव्हीटी’ हा ३०० वॅटचा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर आला. त्याच्यासोबत प्रत्येकी दहा इंची आठ स्पीकर असलेली दोन कॅबिनेट जोडली जात, कारण त्या काळच्या एकाच कॅबिनेटला ही संपूर्ण शक्ती पेलणे कठीण होते. अ‍ॅम्प्लिफायरची शक्ती आणि कॅबिनेटची सहनशक्ती यांचा मेळ घालण्याचा प्रश्न असा जुनाच आहे.

ओहमचे गणित

कॅबिनेटच्या पाठीमागे ४ ओहम, ८ ओहम असा आकडा छापलेला असतो. हा त्या कॅबिनेटचा इम्पीडन्स, म्हणजे विद्युतप्रवाहाला होणारा विरोध. आकडा जितका लहान, तितका अ‍ॅम्प्लिफायरमधून अधिक प्रवाह ओढला जातो. अ‍ॅम्प्लिफायरवरही ‘किमान ४ ओहम’ अशी सूचना असते आणि ती मोडणे धोक्याचे असते.

एकापेक्षा अधिक कॅबिनेट लावताना अनेकांची चूक होते. अ‍ॅम्प्लिफायरच्या मागील दोन जॅक सामान्यतः समांतर जोडलेले असतात. एका कॅबिनेटमधून दुसऱ्या कॅबिनेटला वायर नेली, तरी ती जोडणीही बहुधा समांतरच होते. समांतर जोडणीत ओहमची बेरीज होत नाही, उलट आकडा घटतो. दोन आकड्यांच्या गुणाकाराला त्यांच्याच बेरजेने भागले की उत्तर मिळते :

८ ओहम व ८ ओहम – एकूण ४ ओहम
८ ओहम व ४ ओहम – एकूण सुमारे २.६७ ओहम
४ ओहम व ४ ओहम – एकूण २ ओहम

यावरून स्पष्ट होईल की किमान ४ ओहमच्या अ‍ॅम्प्लिफायरला ८ ओहमची दोन कॅबिनेट चालतील. मात्र ४ ओहमच्या कॅबिनेटला दुसरे कोणतेही कॅबिनेट समांतर जोडता येणार नाही.

शक्तीची वाटणी कशी होते, हेही ध्यानात घ्यावे. सारख्या ओहमच्या कॅबिनेटमध्ये शक्ती समान वाटली जाते. ८ आणि ४ ओहमची जोडी असेल, तर ४ ओहमचे कॅबिनेट दोन तृतीयांश शक्ती घेते. तसेच ४०० वॅट सहन करणारे आणि १५० वॅट सहन करणारे अशी ८ ओहमची दोन कॅबिनेट एकत्र लावली, तर त्यांची मर्यादा ५५० वॅट होत नाही. दुबळ्या कॅबिनेटच्या वाट्याला १५० वॅट आले की मर्यादा संपली. म्हणजे एकूण ३०० वॅटच.

ट्रान्झिस्टर आणि व्हॉल्व्ह यांतील भेद

ट्रान्झिस्टरवर चालणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरला किमान मर्यादेपेक्षा जास्त ओहमचे कॅबिनेट जोडल्यास अपाय होत नाही, फक्त शक्ती कमी मिळते. ४ ओहमला ५०० वॅट देणारा अ‍ॅम्प्लिफायर ८ ओहमला साधारण २५० ते ३०० वॅट देईल. आवाजातील हा फरक तीन डेसिबलहून अधिक नसतो. याउलट ओहम मर्यादेखाली गेले तर अ‍ॅम्प्लिफायर तापतो, मध्येच बंद पडतो किंवा कायमचा बिघडतो.

व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरचे शास्त्र निराळे आहे. त्यात आउटपुट ट्रान्सफॉर्मर असतो आणि मागील ओहमचे बटण कॅबिनेटच्या एकूण ओहमशी जुळवावे लागते. कॅबिनेट न जोडता असा अ‍ॅम्प्लिफायर वाजवला, तर आत मोठा विद्युतदाब निर्माण होऊन ट्रान्सफॉर्मर व व्हॉल्व्ह निकामी होऊ शकतात. म्हणून आधी कॅबिनेट जोडावे, मगच वीज सुरू करावी.

वॅटचे आकडे कसे वाचावेत

जाहिरातीतील सर्वांत मोठा आकडा पाहून खरेदी करू नये. सलग सहन होणारी शक्ती हा आकडा महत्त्वाचा; तो बहुधा ‘आरएमएस’ या नावाने दिलेला असतो. ‘प्रोग्रॅम’ शक्ती साधारणपणे त्याच्या दुप्पट, तर ‘पीक’ शक्ती चौपट लिहिली जाते. अर्थात ‘पीक १००० वॅट’ असे लिहिलेले कॅबिनेट सलग २५० वॅटचेच असण्याची शक्यता आहे. अ‍ॅम्प्लिफायर आणि कॅबिनेट या दोघांचेही सलग शक्तीचेच आकडे एकमेकांशी ताडून पाहावेत.

शक्ती दुप्पट केली म्हणजे आवाज दुप्पट होतो, हाही एक गैरसमज आहे. दुप्पट वॅटने केवळ तीन डेसिबल वाढतात. आवाज दुप्पट भासण्यासाठी सुमारे दहापट शक्ती लागते. म्हणून आवाज कमी पडत असल्यास तोच स्पीकर अधिक ताणण्याऐवजी ओहमचे गणित सांभाळून दुसरे कॅबिनेट जोडणे हिताचे.

स्पीकर का बिघडतो?

याची मुख्य कारणे दोन. पहिले कारण उष्णता. स्पीकरला मिळणाऱ्या शक्तीचा अगदी थोडा भाग ध्वनीत रूपांतरित होतो. उरलेली जवळजवळ सर्व शक्ती व्हॉइस कॉइल तापवण्यात खर्ची पडते. सहनशक्तीपलीकडे ही कॉइल तापली की तिचे वेटोळे सुटते किंवा तार जळते.

दुसरे कारण यांत्रिक आहे. बास गिटारच्या सर्वांत जाड ‘ई’ तारेची कंपनसंख्या सुमारे ४१ हर्ट्झ, तर पाच तारांच्या गिटारवरील ‘बी’ तारेची सुमारे ३१ हर्ट्झ असते. बंद पेटीतून तेवढाच आवाज एक सप्तक खाली काढायचा झाल्यास स्पीकरच्या कोनला चौपट अंतर मागेपुढे हलावे लागते. त्यामुळे वॅट मर्यादेत असूनही कोन आपल्या हद्दीबाहेर जाऊन फाटू शकतो. भोक ठेवलेल्या कॅबिनेटमध्ये हा धोका विशेष असतो. ज्या कंपनसंख्येसाठी ती पेटी जुळवलेली असते, तिच्याखाली आतील हवेचा आधार सुटतो आणि कोन मोकाट हलू लागतो. पेटी आणि स्पीकर यांचे हे नाते ऑस्ट्रेलियातील नेव्हिल थील यांनी १९६१ साली गणिताने मांडले आणि पुढे रिचर्ड स्मॉल यांनी त्याचा विस्तार केला. आजही कॅबिनेट याच आधारावर आखली जातात.

यावर उपाय साधा आहे. अ‍ॅम्प्लिफायरवरील ‘बास’चे बटण पूर्ण फिरवू नये, बारा डेसिबलची वाढ म्हणजे त्या पट्ट्यात सोळापट शक्ती. अगदी खालचे स्वर गाळणारा हाय-पास फिल्टर उपलब्ध असल्यास तो ३० ते ४० हर्ट्झच्या आसपास लावावा.

लहान अ‍ॅम्प्लिफायर सुरक्षित असतो का?

‘कमी शक्ती दिल्यामुळे स्पीकर जळतो,’ असे अनेक जण सांगतात. हे विधान अर्धवट आहे. कमी शक्तीने स्पीकर जळत नाही. तसे असते तर हळू वाजवतानाच तो जळाला असता. खरे कारण असे की लहान अ‍ॅम्प्लिफायर क्षमतेबाहेर ताणला की ध्वनिलहरींची शिखरे छाटली जातात आणि सरासरी शक्ती वाढते. पूर्णपणे छाटलेली चौकोनी लहर तेवढ्याच उंचीच्या शुद्ध लहरीच्या दुप्पट शक्ती वाहून नेते. म्हणजे १०० वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर २०० वॅटपर्यंत जाऊ शकतो. शिवाय त्यातून वरच्या पट्टीचे स्वर निर्माण होतात आणि नाजूक ट्वीटर पहिला बळी पडतो. अर्थात, २०० वॅट सहज पेलणाऱ्या स्पीकरला यातून फारसे भय नाही.

वायर आणि जोडणी

गिटारची वायर आणि स्पीकरची वायर बाहेरून सारख्या दिसल्या तरी त्या वेगळ्या आहेत. गिटारच्या वायरीतील तार बारीक असते. ती स्पीकरसाठी वापरल्यास तापते आणि तुटू किंवा आतल्या आत चिकटू शकते. स्पीकरसाठी जाड तारेची स्वतंत्र वायर घ्यावी. शक्य तेथे फिरवून घट्ट बसणारी ‘स्पीकॉन’ पिन वापरावी. एकाच कॅबिनेटला दोन अ‍ॅम्प्लिफायरचे आउटपुट कधीही जोडू नयेत.

वाजवण्यापूर्वीची पडताळणी

१. सर्व कॅबिनेटचे एकूण ओहम कागदावर मांडावेत. ते अ‍ॅम्प्लिफायरच्या किमान आकड्याखाली नसावेत.
२. प्रत्येक कॅबिनेटच्या वाट्याला येणारे वॅट त्याच्या सलग सहनशक्तीत बसतात का, हे पाहावे.
३. आवाज शून्यावर ठेवून वीज सुरू करावी आणि हळूहळू वाढवावा.
४. फडफड, खरखर किंवा जळका वास येताच आवाज कमी करावा, नंतर थांबवावा. ‘गाणे संपेपर्यंत चालेल’ या विचारानेच बहुतेक स्पीकर गेलेले आहेत.
५. शंका असल्यास कॅबिनेट अ‍ॅम्प्लिफायरपासून सोडवून मल्टिमीटरने मोजावे. ८ ओहमचे कॅबिनेट साधारण साडेपाच ते सात, तर ४ ओहमचे तीन ते साडेतीन ओहम दाखवते. मीटर काहीच दाखवत नसेल, तर कॉइल किंवा वायर तुटलेली आहे असे समजावे.

उदाहरणादाखल, ४ ओहमला ५०० वॅट देणारा अ‍ॅम्प्लिफायर आणि ८ ओहमची, सलग ३०० वॅटची दोन कॅबिनेट ही उत्तम जोडी होय. प्रत्येकाच्या वाट्याला २५० वॅट येतात आणि थोडी शक्ती राखीव राहते.

प्रत्येक गायनवृंदाने आपल्या अ‍ॅम्प्लिफायरचे व कॅबिनेटचे हे आकडे एका चिठ्ठीवर लिहून कॅबिनेटच्या पाठीला चिकटवावेत, अशी आमची सूचना आहे. आजचा वादक उद्या शिक्षणासाठी वा नोकरीसाठी दूर जाईल. त्याच्या जागी येणाऱ्या नवख्या मुलाला ही चिठ्ठी उपयोगी पडेल आणि सर्वांच्या पैशातून घेतलेले साहित्य अनेक वर्षे सेवेत राहील.