गचक्याचा इतिहास

यंत्रांचा इतिहास आपल्याकडे बहुधा वेगाचा आणि शक्तीचा इतिहास म्हणून लिहिला जातो. त्या यंत्रात बसणाऱ्याच्या अंगाला काय वाटले, याची नोंद सहसा कोणी ठेवत नाही. मोटारीच्या गचक्याची तर नाहीच नाही. वास्तविक मोटार घडवणाऱ्यांच्या कित्येक पिढ्या ज्या प्रश्नांशी झुंजल्या, त्यांत गिअर बदलताना बसणाऱ्या या हिसक्याचे स्थान बरेच वरचे आहे. आज केळापूर तालुक्यात कोणी नवी ‘ऑटोमॅटिक’ गाडी घेतली, की पहिल्याच आठवड्यात तक्रार ऐकू येते: गाडी मध्येच श्वास रोखते, माना पुढे झुकतात, आणि मग ती पुन्हा ओढू लागते. या साध्या तक्रारीमागे सव्वाशे वर्षांची कथा आहे.

प्रश्नाचे मूळ इंजिनाच्या स्वभावात आहे. बैल उभा असतानाही जोर लावू शकतो; वाफेचे इंजिनही लावू शकते. पेट्रोलचे इंजिन मात्र आधी स्वतः फिरत असेल तरच काही ओढते. म्हणून फिरते इंजिन आणि थांबलेली चाके यांची भेट घालून देणारा क्लच हवा, आणि वेगागणिक जोराचे प्रमाण बदलणारे गिअर हवेत. फ्रान्समध्ये पानार आणि लव्हासोर यांच्या गाड्यांत १८९० च्या दशकात सरकत्या दातेरी चाकांची रचना आली. ती रांगडी असली तरी काम भागवते, असे खुद्द लव्हासोरचे मत सांगितले जाते. पुढे १९२८ साली कॅडिलॅकने सिंक्रोमेश आणले. दाते एकमेकांत शिरण्यापूर्वी त्यांचा वेग जुळवून देण्याची ही सोय होती.

आपल्याकडच्या जड वाहनांना ही सोय दीर्घकाळ मिळाली नाही. तिथे चालकाने ‘डबल क्लच’ मारायचा: क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून किंचित रेस, पुन्हा क्लच, मग गिअर. महाराष्ट्रात एस.टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. विदर्भ तेव्हा मध्य प्रांतात होता, १९५६ मध्ये तो मुंबई राज्यात आला. लाल गाडी आमच्याकडे उशिरा पोहोचली ती त्यामुळे. पण ती आल्यावर चालकाची परीक्षा सगळीकडे एकाच कसोटीवर झाली. उभ्या प्रवाशांचा तोल न जाता जो गिअर बदलतो तो हाताचा चांगला. ही विद्या कोणत्या पुस्तकात नव्हती. ती डाव्या पायात आणि डाव्या हातात होती.

अमेरिकेने हे काम पायाकडून काढून घेण्याचा चंग बांधला. ओल्डस्मोबिलच्या १९४० च्या मॉडेलमध्ये ‘हायड्रामॅटिक’ आले. क्लचच्या जागी तेलातून जोर पोचवणारी जोडणी आणि आपोआप पडणारे चार गिअर, अशी ती रचना. ती मजबूत होती, रणगाड्यांतही बसवली गेली. पण तिचे गिअर पडताना जाणवत. ब्यूइकच्या १९४८ च्या ‘डायनाफ्लो’ने उलटा मार्ग धरला. गचका जवळजवळ नाहीसा झाला, पण गाडी सुस्त आणि इंधनखाऊ झाली. म्हणजे मऊपणाची किंमत मोजावी लागतेच, कधी पेट्रोलमध्ये तर कधी पैशात. ती मोजण्याची आपल्या मध्यमवर्गाची ऐपत नव्हती. गिअर न बदलण्याचे सुख मराठी घरांत मोटारीतून न येता दुचाकीवरून आले, ते १९८० च्या दशकातल्या कायनेटिक होंडाने. पट्टा आणि कमीजास्त होणाऱ्या पुल्या यांवर ती चाले; तिथे गिअरच नव्हते, मग गचका कुठला?

चारचाकीत चित्र पालटले ते २०१४ साली. त्या वर्षी मारुतीने सेलेरिओ ही गाडी इटलीच्या माग्नेती मारेल्ली या कंपनीच्या यंत्रणेसह बाजारात आणली. या प्रकाराला ए.एम.टी. म्हणतात. कल्पना शर्यतीच्या मैदानातली: १९८९ मध्ये फेरारीने असा आपोआप हलणारा गिअरबॉक्स फॉर्म्युला वनमध्ये उतरवला, आणि ब्राझीलच्या पहिल्याच शर्यतीत नायजेल मॅन्सेल त्यावर जिंकला. पंचवीस वर्षांनी तीच कल्पना साध्या गिअरच्या गाडीपेक्षा सुमारे चाळीस हजार रुपये जास्त मोजून मिळू लागली. पुढच्याच वर्षी ती नॅनोतही आली.

ती स्वस्त का, याच्या उत्तरातच गचक्याचेही उत्तर आहे. ए.एम.टी.मध्ये जुना गिअरबॉक्स तसाच आहे, जुना क्लचही तसाच आहे. फक्त डाव्या पायाच्या आणि हाताच्या जागी संगणकाच्या हुकमाने चालणारा यांत्रिक हात बसवला आहे. गिअर बदलताना क्लच सुटतो तेवढा काळ गाडीची ओढ तुटते. ती पूर्वीही तुटतच होती. पण स्वतः क्लच दाबणाऱ्याला ती जाणवत नव्हती, कारण पुढे काय होणार हे त्याच्या अंगाला आधीच ठाऊक असे. स्वतःच्या हाताने स्वतःला गुदगुल्या होत नाहीत, तसेच हे. आता निर्णय यंत्र घेते, आणि चालक आपल्याच गाडीत एस.टी.तल्या उभ्या प्रवाशासारखा बेसावध राहतो. गचका जुनाच आहे. तो आपल्याला न विचारता येऊ लागला, एवढेच नवे.

मग सवय होणे म्हणजे काय? सहन करणे नव्हे, तर ओळखायला शिकणे. आमच्याकडच्या बंडीत गाडीवान बैलांना हाक देई, आणि मागे बसलेले त्या हाकेवर सावरून बसत. ए.एम.टी.मध्ये ती हाक इंजिनाच्या आवाजात असते. आवाज चढत गेला की गिअर पडणार; त्या क्षणी उजवा पाय किंचित सैल केला तर बदल लवकर आणि हळुवार होतो. चढावर गाडी रेसवर तोलून धरू नये, हँडब्रेक वापरावा. नाही तर आतला क्लच निमूटपणे जळत राहतो.

हा केवळ सुखाचा प्रश्न नाही. राष्ट्रीय महामार्ग ४४ पांढरकवड्यावरून पैनगंगेकडे जातो, तिथे एका वेगाने जाताना गिअर क्वचित बदलतो आणि गाडी शहाणी वाटते. महामार्ग सोडून आतल्या रस्त्याला लागले, आणि हंगामात कापसाने भरलेली ट्रॉली पुढे आली, की खरी परीक्षा. ओलांडण्यासाठी एकदम पाय दाबला तर यंत्र आधी गिअर उतरवते, आणि नेमक्या त्या वेळी क्षणभर ओढ नसते. समोरून ट्रक येत असताना तो क्षण फार लांब असतो. म्हणून दांडी ‘मॅन्युअल’कडे सारून, रांग सोडण्यापूर्वीच एक गिअर उतरवून घ्यावा.

डाव्या पायाची विद्या आता हळूहळू विस्मरणात जाईल. गुडघा दुखणाऱ्या आणि नव्याने गाडी शिकणाऱ्या अनेकांसाठी ते चांगलेच आहे. मात्र त्या विद्येतला अंदाज, पुढचा क्षण आधी जोखण्याची सवय, ती उजव्या पायाला शिकवावीच लागेल. ते काम अद्याप कोणत्याही यंत्राने पूर्णपणे अंगावर घेतलेले नाही.