खर्जाची बाजू

बऱ्हाणपूर हे नाव मराठी माणसाला शाळेच्या पुस्तकापासून परिचयाचे आहे. फारुकी सुलतानांची राजधानी, मोगलांचे दक्षिणेचे दार, १६३१ साली मुमताजमहलने जेथे अखेरचा श्वास घेतला ते नगर आणि १६८१ साली संभाजी महाराजांच्या फौजांनी जेथल्या पेठा लुटल्या ते नगर, अशी त्याची ओळख सांगितली जाते. तलवारीच्या या इतिहासात सुरांचा इतिहास मात्र मागे पडतो. पंधराव्या शतकात या नगरात शेख बहाउद्दीन नावाचे सूफी कवी होऊन गेले. संगीताची त्यांना इतकी ओढ होती की 'बाजन' या टोपणनावानेच ते ओळखले जातात, आणि त्यांच्या रचना रागांत गाण्यासाठी केलेल्या आहेत. पुढे शाहजहानच्या काळात शहरापासून काही कोसांवर, उतावळी नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर महाल उभे राहिले. गुलारा नावाच्या गायिकेसाठी ते बांधले असे लोक आजही सांगतात.

गुलाराचे नाव राहिले. परंतु तिच्या मागे बसून तंबोऱ्याचा षड्ज अखंड धरणारे कोण होते, पखवाजाच्या धुम्यावर कणीक लावून त्याचा गंभीर नाद जुळविणारे कोण होते, हे कोणी नोंदवून ठेवले नाही. आपल्याकडे सनईवाल्यांच्या ताफ्यातही हाच प्रकार दिसतो. एकजण गत वाजवितो. दुसरा गाल फुगवून केवळ सूर धरून असतो. लग्नघरची मंडळी पहिल्याला बिदागी देताना त्याचे नाव घेतात, दुसऱ्याला 'सूरवाला' म्हणतात. तो थांबला तर काय होईल, हे तो थांबेपर्यंत कोणाच्या ध्यानात येत नाही.

या सूरवाल्यांचा अलीकडचा वंशज म्हणजे हौशी वाद्यवृंदातील बेस गिटार वाजविणारा. त्याच्या वाद्याला बहुधा चारच तारा, त्याही जाड. लोक व्यासपीठावर गायकाकडे पाहतात, नंतर ढोलकीकडे वा ड्रमकडे पाहतात. चार तारांची ती लांब मानेची गिटार घेऊन एका बाजूस उभा असलेला इसम नेमके काय करतो, असा प्रश्न पुष्कळांना पडतो. त्याचे उत्तर थोडे इतिहासात आणि थोडे पदार्थविज्ञानात आहे.

पाश्चात्य वाद्यमेळात खर्जाचे काम पूर्वी डबल बेस करीत असे. माणसाच्या उंचीचे हे लाकडी वाद्य पोर्तुगीज अमलात गोव्याच्या चर्चमधून पोहोचले आणि तेथे त्याला 'राबेकांव' असे नाव होते. गोव्यातील पॅरिशच्या शाळांतून मुलांना स्वरलेखन शिकविले जाई. त्या शिक्षणाच्या बळावर विसाव्या शतकात शेकडो गोमंतकीय वादक मुंबईच्या हॉटेलांत, रेल्वेच्या इन्स्टिट्यूटांत आणि पुढे चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणगृहांत पोटाला लागले. पुणतांब्यास जन्मलेले संगीतकार सी. रामचंद्र यांनी १९५१ च्या 'अलबेला' चित्रपटात जे नवे ठेके आणले, त्यांमागे चिक चॉकलेट या नावाने प्रसिद्ध असलेले आल्डोण्याचे ट्रम्पेटवादक आंतोनियो शाव्हिएर वाझ यांची साथ होती. अशी नावे मोजकीच प्रकाशात आली. त्याच मेळांत डबल बेस कवटाळून उभे राहणारे बहुतेक वादक श्रेयनामावलीत कधी आले नाहीत.

डबल बेसची अडचण दुहेरी होती. ते वाहून नेणे कष्टाचे, आणि ट्रम्पेट व ड्रम यांच्यापुढे त्याचा आवाज पोहोचणे कठीण. यावर अमेरिकेत सिॲटलच्या पॉल टुटमार्क यांनी १९३६ च्या सुमारास विजेवर चालणारी, गिटारसारखी आडवी धरावयाची बेस तयार केली. पण ती फारशी खपली नाही. १९५१ साली कॅलिफोर्नियात लिओ फेंडर यांनी 'प्रिसिजन बेस' बाजारात आणली आणि तिने जगभर पाय रोवले. फेंडर हे मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे गृहस्थ. त्यांच्या वाद्याला सतारीसारखे पडदे होते, त्यामुळे स्वर नेमका लागे. 'प्रिसिजन' या नावाचा अर्थही तोच. तारेची वाजती लांबी ३४ इंच ठेवली होती. तारांखाली चुंबके आणि त्यांभोवती तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे. पोलादी तार हलली की वेटोळ्यात अल्पसा विद्युत्प्रवाह उमटतो, आणि तो ॲम्प्लिफायरने वाढवून ध्वनिक्षेपकास द्यावयाचा. पुढल्याच वर्षी त्यांनी या वाद्यासाठी 'बेसमन' नावाचा स्वतंत्र ॲम्प्लिफायर काढला.

स्वतंत्र ॲम्प्लिफायरची गरज का पडावी? बेसची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. साध्या गिटारची सर्वांत जाड तार ८२ वेळा, म्हणजे बरोबर एक सप्तक वर. एवढा खालचा नाद आपला कान सहज टिपत नाही. तो वरच्या स्वरांइतका ऐकू यावा म्हणून पुष्कळ अधिक हवा हलवावी लागते. त्यासाठी मोठा पडदा असलेला ध्वनिक्षेपक लागतो आणि तो बंदिस्त पेटीत बसवावा लागतो. उघडा ठेवला तर पुढच्या लाटेला मागची लाट गाठते आणि दोन्ही एकमेकींना मारतात. शिवाय ॲम्प्लिफायरची शक्ती दहापट वाढविली तरच आवाज कानाला सुमारे दुप्पट भासतो. म्हणून गायकाचे काम जेथे थोड्या शक्तीत भागते, तेथे बेसवाल्याला कित्येक पट शक्ती लागते. त्याचे ओझे सर्वांत जड असते ते यामुळेच.

आपल्याकडे हे सामान मिळविणे सोपे नव्हते. १९५७ च्या सुमाराच्या परकीय चलनाच्या टंचाईनंतर आयातीवर जे निर्बंध कडक झाले, ते १९९१ पर्यंत फारसे सैल झाले नाहीत. त्या काळच्या हौशी वाद्यवृंदांनी देशी गिटारी, सुताराकडून करून घेतलेल्या प्लायवुडच्या पेट्या आणि रेडिओ दुरुस्त करणाऱ्याने जोडून दिलेले ॲम्प्लिफायर यांवर दिवस काढले. बेसच्या तारा महाग आणि दुर्मिळ. म्हणून मळलेल्या तारा उतरवून पाण्यात उकळायच्या व पुसून पुन्हा चढवायच्या, ही युक्ती बेसवादकांच्या जगात सर्वत्र चालत आली आहे. उकळल्याने वेढ्यांत अडकलेला घाम व मळ निघतो आणि तार काही दिवस पुन्हा खणखणीत बोलू लागते.

याहून मोठी गंमत ऐकणाऱ्यांच्या बाजूस आहे. बऱ्हाणपूर, भुसावळ, खंडवा यांसारख्या गावांत चित्रपटसंगीत पोहोचले ते रेडिओवरून. १९५२ पासून रेडिओ सिलोनची 'बिनाका गीतमाला', १९५७ पासून विविध भारती. परंतु लहान ट्रान्झिस्टरचा चार बोटांचा ध्वनिक्षेपक ४१ कंपनांचा नाद काढूच शकत नाही, आणि मांडवात बांबूवर बांधलेला कर्णा तर त्याहून असमर्थ. मग त्या गाण्यांतील खर्ज लोकांनी ऐकला कसा? खालच्या स्वरासोबत त्याचे वरचे उपस्वरही उमटत असतात. ते उपस्वर कानी पडले की मेंदू मूळ स्वर आपणहून भरून काढतो. म्हणजे दोन पिढ्यांनी बेस ऐकली ती कानाने अर्धी आणि मनाने अर्धी. आज मोबाइलवर गाणी ऐकणाऱ्यांचेही तसेच होते.

वाजविण्याची रीत वरवर साधी आहे. उजव्या हाताची पहिली दोन बोटे आळीपाळीने तारेवर चालतात, डाव्या हाताने पडदा दाबायचा. नवशिक्याला प्रथम षड्ज आणि पंचम एवढे दोनच स्वर पुरतात. पुढचा अभ्यास मात्र संयमाचा आहे. ड्रमचा पायाने वाजणारा मोठा ढोल आणि बेसचा स्वर एकाच क्षणी पडला पाहिजे. स्वर जितक्या नेमकेपणाने सुरू होतो तितक्याच नेमकेपणाने बोटाने दाबून थांबविला पाहिजे. तबल्याच्या साथीत डग्ग्याची घीस जशी आवरावी लागते, तसेच हे आहे. अमेरिकेतील मोटाउन कंपनीच्या गीतांत जेम्स जेमर्सन यांनी एका तर्जनीने जी बेस वाजविली, ती आज जगभर अभ्यासली जाते. तथापि १९६० च्या दशकातील त्या तबकड्यांवर बहुतेक त्यांचे नावही छापलेले नसे.

नवशिके बहुधा सभागृहात फसतात. ४१ कंपनांच्या नादाची एक लाट सुमारे ८ मीटर लांब असते. खोलीच्या भिंतींमध्ये ती अडकते, कोठे फुगते, कोठे नाहीशी होते. वादकाला स्वतःच्या जागी बेस ऐकू येत नाही म्हणून तो आवाज वाढवितो, आणि दहा हातांवरील श्रोत्याच्या छातीत धडधड सुरू होते. जाणते वादक म्हणूनच आधी पेटी कोपऱ्यातून हलवितात, स्वतः सभागृहात फिरून ऐकतात, आणि मग बटणाला हात लावतात.

१९८० च्या दशकात या कामावर यंत्राचा हक्क आला. जपानच्या रोलँड कंपनीने बेसवादकाच्या जागी वापरता यावे म्हणून 'टीबी-३०३' हे लहानसे यंत्र काढले. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत बेस गिटार वाजविणारे चरणजित सिंग यांनी तेच यंत्र घेऊन १९८२ साली दहा रागांची एक तबकडी ध्वनिमुद्रित केली. तेव्हा तिच्याकडे कोणी फिरकले नाही. सुमारे तीन दशकांनी जगाने तिचे कौतुक केले. वाद्याने हुसकावण्यापूर्वी वादकानेच वाद्य हाती घेतले, असे हे दुर्मिळ उदाहरण होय. गावोगावच्या वाद्यवृंदांत मात्र कीबोर्डवाल्याच्या डाव्या हाताने बेसवाल्याची जागा घेतली, आणि त्यानंतर वरातीत डीजेच्या भिंती आल्या.

येथे प्रश्न केवळ रसिकतेचा राहत नाही. डीजेच्या भिंतीतून जो येतो तोही खर्जच. पण तो कोणाची साथ करीत नाही. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबेलची मर्यादा घालतात, व रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत उघड्यावर ध्वनिक्षेपकास मनाई करतात. परंतु मोजणीची प्रचलित पद्धत कानाच्या धर्तीवर आखलेली असल्याने ती खालच्या नादाला फार कमी लेखते. ५० कंपनांच्या नादातून ती सुमारे ३० डेसिबेल वजा धरते. त्यातच लांब लाटांना भिंती अडवू शकत नाहीत. काटा जे सांगतो त्याहून अधिक धक्का अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला आणि पाळण्यातल्या बाळाला बसतो, तो असा. दोषाचे माप नीट न घेता दोषावर नियंत्रण येत नाही, एवढे तरी नगरपालिकांनी आणि मंडळांनी ध्यानात घ्यावे.

खर्ज हा मुळात आधार देणारा सूर आहे. तंबोऱ्याने, धुम्याने, सूरवाल्याच्या सनईने आणि चर्चमधल्या राबेकांवने तो शतकानुशतके दिला. हौशी वाद्यवृंदात आजही एखादा तरुण दिवसभराची नोकरी आटोपून, जड पेटी रिक्षात घालून, रात्रीच्या कार्यक्रमाला येतो आणि दोन स्वरांत गाणे सावरून धरतो. त्याला टाळ्या पडत नाहीत. पुढच्या वेळी अशा कार्यक्रमास जाणे झाले, तर एक गाणे संपेपर्यंत केवळ त्याच्याकडे लक्ष द्यावे, आणि शेवटी वादकांची ओळख करून देताना त्याचे नाव निवेदकाने घेतले की नाही, हेही ऐकावे. नसेल घेतले, तर विचारून घ्यावे.