अहवाल कालच्या पाण्याचा

हा घटनाक्रम कुठल्या एका तारखेचा नाही. सिडनीत जोराचा पाऊस झाला की हे घड्याळ दर वेळी सुरू होतं.

शुक्रवार, रात्री १०. धो धो पाऊस. सिडनीत पावसाच्या पाण्याची गटारं आणि मैलावाहिन्या वेगळ्या आहेत. पण जुन्या, तडकलेल्या सांध्यांतून पाऊस मैलावाहिनीत शिरतोच.

शनिवार, पहाटे ३. मैलावाहिनी तुडुंब भरते. घाण उलटी घराघरांत येऊ नये म्हणून ठेवलेल्या सांडव्यांतून ती ओढ्यात आणि ओढ्यातून खाडीत उतरते. रस्त्यांवरची कुत्र्यांची घाणही सोबत वाहत येते.

सकाळी ८. ‘बीचवॉच’साठी नमुना घेणारा माणूस पाण्यात उतरतो. निर्जंतुक बाटली हात लांब करून बुडवतो, झाकण घट्ट लावतो आणि बर्फाच्या पेटीत ठेवतो. हा सरकारी उपक्रम १९८९चा. तेव्हा बाँडायसारख्या नावाजलेल्या किनाऱ्यांवरही मैला येत असे. १९९०-९१मध्ये मैला दूर खोल समुद्रात सोडणारे बोगदे सुरू झाले आणि उघड्या समुद्राकाठचं पाणी पुष्कळ सुधारलं. रोझ बेसारख्या खाडीतल्या किनाऱ्यांचं दुखणं मात्र राहिलं.

दुपारी १. प्रयोगशाळा. शोध एन्टेरोकोकायचा. हे माणसांच्या आणि जनावरांच्या आतड्यांतले जिवाणू; ते सापडले म्हणजे पाण्यात विष्ठा मिसळल्याचा संकेत. नमुन्यात त्यांचं खाद्य मिसळून तो खळग्याखळग्यांच्या प्लास्टिक ताटलीत ओततात आणि ४१ अंशांवर २४ तास ठेवतात. जिवाणू वाढायला लागतो तेवढा वेळ लागतोच, यात कुणाची हयगय नाही.

संध्याकाळी ६. पाऊस थांबलाय. पावसाच्या मोजणीवरून बीचवॉचचा अंदाज ‘प्रदूषणाची शक्यता’ सांगतो. तो फोनवर दिसतो, पण बघणाऱ्यालाच.

रविवार, सकाळी ९. लख्ख ऊन, निळंशार पाणी. गाड्या लावायला जागा नाही.

सकाळी ११. सात वर्षांची एक मुलगी बुडी मारते. नाकातोंडात पाणी जातं. ती खोकते, हसते आणि पुन्हा बुडी मारते.

दुपारी १. अतिनील दिव्याखाली ताटलीतले खळगे एकेक करून निळे चमकू लागतात. ऑस्ट्रेलियाच्या २००८च्या निकषांत १०० मिलिलिटरमागे ४०पर्यंत एन्टेरोकोकाय असलेलं पाणी वरच्या वर्गात बसतं, ५००च्या पुढचं तळाच्या. ताटलीतला आकडा खरा आहे, पण तो शनिवारच्या पाण्याचा. रविवारचं पाणी मुलीच्या पोटात जाऊन दोन तास झालेत.

सोमवार, रात्र. पोटात कळ, उलट्या, जुलाब.

म्हणून अहवालाची वाट पाहू नका, पाऊस आठवा. जोराच्या पावसानंतर उघड्या समुद्रात निदान एक दिवस आणि खाडीत तीन दिवस उतरू नका, मुलांनाही उतरू देऊ नका.